शुल्क बसलं आणि कारखाना हलला: धोरण पुढे की धंदा पुढे?

तिरपी_रेघ

गेल्या आठवड्यात एकाशी वाद झाला. त्याचं म्हणणं सरळ: सरकार नियम करतं, कंपन्या पाळतात, ज्यांना झेपत नाही त्या बुडतात. मला हे पटत नाही, पण बोलताना मुद्दा धड मांडता आला नाही, म्हणून इथे लिहितोय. एकच उदाहरण घेतो, कपडे धुण्याच्या यंत्राचं. त्या यंत्राने दहाएक वर्षांत जेवढे देश पाहिले तेवढे मी जन्मात पाहिलेले नाहीत.

व्हर्लपूल ही अमेरिकी कंपनी. घरच्याच बाजारात सॅमसंग आणि एलजी तिला घाम फोडत होत्या. त्यांची मोठी यंत्रं तेव्हा कोरिया आणि मेक्सिकोत बनून यायची. व्हर्लपूलने सरकारदरबारी तक्रार केली की हा माल मुद्दाम पडत्या भावात ओतला जातोय. चौकशी झाली आणि २०१३च्या सुरुवातीला या दोन देशांतून येणाऱ्या यंत्रांवर डंपिंगविरोधी शुल्क बसलं. आता गंमत अशी की हे शुल्क देश बघून लागतं. कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये नेलं. व्हर्लपूलची पुन्हा तक्रार, २०१७च्या सुरुवातीला चीनवरही शुल्क. तोवर यंत्रं थायलंड आणि व्हिएतनाममध्ये बनायला लागली होती.

तिसऱ्या खेपेला सरकारने देश बघणं जवळजवळ सोडूनच दिलं. जानेवारी २०१८मध्ये सेफगार्ड, म्हणजे देशी उद्योगाच्या बचावाचं, शुल्क जाहीर झालं. कुठूनही आलेली मोठी घरगुती यंत्रं असोत, पहिल्या वर्षी पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के आणि त्यापुढच्या प्रत्येक नगावर ५० टक्के. पळायला जागा उरणार नाही असं दिसलं, तेव्हा दोघंही आतच आले. सॅमसंगचा कारखाना साऊथ कॅरोलिनात न्यूबेरीला, एलजीचा टेनेसीत क्लार्क्सव्हिलला. आणि हे दोन्ही कारखाने त्यांनी २०१७मध्येच, म्हणजे हे शुल्क लागायच्या आधी, जाहीर करून ठेवले होते.

म्हणजे व्हर्लपूल जिंकली का? मार्च २०१८मध्ये त्याच सरकारने पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. धुण्याचं यंत्र म्हणजे बव्हंशी पत्राच. आणि ज्या स्पर्धकांना बाहेर ठेवायचं होतं ते आता त्याच देशात, नवीन यंत्रसामग्री घेऊन, शेजारी येऊन बसले.

या प्रकरणावर फ्लेन, होर्ताचसू आणि टिंटेलनॉट या तीन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. त्यांच्या हिशेबाने यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली. ड्रायरवर तर शुल्क नव्हतंच, तरी ड्रायरही जवळपास तेवढेच महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात आणि विक्रेत्यांनी वाढ दोघांवर वाटून टाकली. नवीन नोकऱ्या झाल्या अंदाजे १,८००. ग्राहकांच्या खिशातून गेलेले पैसे त्यावर विभागले तर दर नोकरीमागे वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर.

माझा प्रश्न: यात धोरण कुठे संपतं आणि धंद्याची चाल कुठे सुरू होते? मुळात पहिली तक्रार हीच व्हर्लपूलची चाल होती ना?

---

सावळागोंधळ

ड्रायरचा किस्सा जबरी आहे. शुल्क एकावर, भुर्दंड दुसऱ्यावर. वाचतोय.

---

जकातनोंद

मी आयातमालाच्या वर्गीकरणाचं काम करतो. म्हणजे वस्तू कुठल्या एचएस कोडात (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बसते ते ठरवणं. लोकांना वाटतं हे कारकुनी काम आहे. असेल. पण कंपनीची निम्मी आयातनीती या टेबलावर ठरते.

यातलं सगळ्यात जुनं प्रकरण माझ्या आवडीचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साखरेवर रंग बघून शुल्क होतं. पांढरी म्हणजे शुद्ध, म्हणून जास्त. काळपट म्हणजे कच्ची, म्हणून कमी. कारखानदारांनी काय केलं, तर साखर शुद्ध ठेवली आणि रंग तेवढा गडद केला. प्रकरण १८८१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालय कारखानदारांच्या बाजूने राहिलं. कायद्याने रंग बघायला सांगितलंय ना, मग रंगच बघा. तेव्हापासून एक तत्त्व पक्कं झालं: शुल्क कमी लागावं म्हणून माल मुळातूनच तसा घडवला तर तो गुन्हा नाही. खोटं सांगितलं तर गुन्हा. आमच्या धंद्यात याला टॅरिफ इंजिनिअरिंग म्हणतात.

कॉन्व्हर्सच्या कापडी बुटांच्या तळव्याला लवदार थर असतो, तो कशासाठी? पायाला काही फायदा नाही. तळवा कापडी धरला गेला तर शुल्क पार खाली येतं. एक्स-मेनच्या बाहुल्यांचं तर २००३ साली न्यायालयात गेलेलं प्रकरण आहे. त्या माणसाची प्रतिकृती ठरल्या तर 'बाहुली', १२ टक्के. नाही ठरल्या तर 'खेळणं', ६.८ टक्के. न्यायाधीशांनी सुपरहिरो तपासून निकाल दिला की ही माणसं नव्हेत. कंपनी जिंकली, चाहते चिडले.

पण हा खेळ अंगाशीही येतो. फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट घ्या. अमेरिकेत बाहेरून आलेल्या मालवाहू गाडीवर २५ टक्के शुल्क आहे, प्रवासी गाडीवर तेव्हा २.५. हे २५ टक्के कुठून आले? कोंबड्यांवरून. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं म्हणून १९६४पासून अमेरिकेने हलक्या ट्रकांवर हे लावलं. कोंबड्यांचं भांडण कधीच विरलं, शुल्क साठ वर्षांनंतरही तिथेच. तर फोर्ड तुर्कस्तानात बनवलेल्या गाड्या मागच्या आसनांसकट आणायची, प्रवासी गाडी म्हणून सोडवायची, आणि बंदराबाहेर पडायच्या आधीच आसनं काढून मालवाहू करून विकायची. काढलेली आसनं सरळ भंगारात. २०१९मध्ये अपील न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला आणि २०२४मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून तडजोड झाली. साखरेत आणि यात फरक एवढाच की गडद साखर गडदच विकली गेली असती. आसनं मात्र एकाही ग्राहकासाठी नव्हती.

---

उलटतपासणी

मजा आली, पण या सगळ्या पळवाटा झाल्या. धंद्याची चाल म्हणजे एवढंच का? धोरणाने एखाद्या उद्योगाचा पोतच बदलतो, त्याबद्दल कुणी बोलणार आहे का?

१९८१. जपानी गाड्या अमेरिकेत धो धो खपत होत्या, डेट्रॉइट, म्हणजे अमेरिकी गाडी उद्योग, रडकुंडीला आलेलं. मग जपानने 'स्वेच्छेने' निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर रोखली. (स्वेच्छेने म्हणजे कशी ते समजून घ्या.) आता मर्यादा कशावर? नगांवर. किमतीवर नाही. तुम्हाला ठरावीकच नग पाठवता येणार असतील तर तुम्ही कोणते पाठवाल? ज्यात नगामागे जास्त सुटतं ते. जपानी कंपन्या स्वस्त छोट्या गाड्यांवरून वरच्या श्रेणीत सरकल्या. १९८६मध्ये होंडाची ॲक्युरा आली, १९८९मध्ये टोयोटाची लेक्सस आणि निस्सानची इन्फिनिटी. जिथे डेट्रॉइटला सगळ्यात जास्त नफा होता नेमका तिथेच नवा स्पर्धक उभा राहिला.

आणि दुसरी वाट तुमच्या यंत्रांसारखीच. होंडाने १९८२पासून ओहायोत मेरिसव्हिलला गाड्या बनवायला घेतल्या, पाठोपाठ निस्सान टेनेसीत, १९८४मध्ये टोयोटा तर चक्क जनरल मोटर्सच्या भागीदारीत कॅलिफोर्नियात. ही यादी बघितली की वाटतं, संरक्षण मागणाऱ्याने आधी विचारावं की समोरच्याकडे पुढची चाल कोणती आहे.

---

आकडेमोड

उलटतपासणी, तुमचं बरंचसं मान्य, पण श्रेय सगळं कोट्याला देऊ नका. सप्टेंबर १९८५मध्ये डॉलर उतरवण्यासाठी बड्या देशांचा प्लाझा करार झाला. तेव्हा डॉलरला २४०च्या आसपास येन मिळत होते, १९८७च्या सुरुवातीला १५०च्या घरात. स्वस्त गाडी जपानमध्ये बनवून विकणं यामुळेही परवडेना. कोटा आणि येन, दोन्ही एकाच दिशेला ढकलत होते. कुठल्याने किती ढकललं हे वेगळं काढणं अवघड.

मला मात्र या धाग्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. सगळे शुल्काच्या दराबद्दल बोलताय. दर अजिबात न बदलता व्यापार उसळल्याचं उदाहरण आहे.

१९८०पासून अमेरिका चिनी मालावर कमी दरानेच शुल्क घेत होती, सरासरी साधारण ४ टक्के. पण ही सवलत कायमची नव्हती. दर वर्षी तिचं नूतनीकरण व्हायचं, आणि १९९०पासून दर वर्षी अमेरिकी संसदेत त्यावर वादंग. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तर कनिष्ठ सभागृहाने ती काढून घेण्याच्या बाजूने मतदानही केलं होतं. सवलत गेली असती तर १९३०च्या कायद्यातले दर लागू झाले असते, सरासरी ३० टक्क्यांच्या वर. प्रत्यक्षात एकदाही तसं झालं नाही. २०००मध्ये कायदा झाला, चीन २००१च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि २००२पासून तीच सवलत कायमची झाली. लक्षात घ्या, दर होता तोच राहिला. गेली ती फक्त टांगती तलवार.

हँडली आणि लिमाओ यांच्या अभ्यासानुसार त्यानंतरच्या वर्षांत चीनची अमेरिकेला होणारी निर्यात जी वाढली, तिच्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग निव्वळ ही अनिश्चितता संपल्यामुळे. कारण उघड आहे. कारखाना म्हणजे गोदामातला माल नव्हे की आज आणला, उद्या विकला. साचे, यंत्रं, पुरवठादार, माणसं तयार करणं, हे सगळं एकदा गाडलं की परत निघत नाही. उद्याचा दर ४ असेल की ३५ हे माहीत नसेल तर शहाणा माणूस थांबतो. थांबण्याला खर्च नाही, चुकीच्या जागी कारखाना काढण्याला आहे.

म्हणून मला वाटतं की सरकारने शुल्क १० ठेवलं की १५ यापेक्षा ते किती काळ तसंच राहील, यावर गुंतवणुकीचा निर्णय जास्त अवलंबून असतो.

---

सावळागोंधळ

मग ब्रेक्झिट हे याचं उलटं उदाहरण म्हणायचं का? २०१६चं सार्वमत, त्यानंतर चार वर्षं कुणालाच नक्की माहीत नाही की काय होणार. होंडाने इंग्लंडमधला स्विंडनचा कारखाना बंद केला तो त्यामुळेच ना?

---

उलटतपासणी

होंडाने तसं म्हटलेलं नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये बंदची घोषणा करताना कंपनीने विजेवरच्या गाड्यांकडे वळण्याचं आणि जागतिक उत्पादनाच्या फेररचनेचं कारण दिलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला युरोपीय संघ आणि जपान यांचा करार लागू झाला होता, ज्यात जपानहून युरोपात येणाऱ्या गाड्यांवरचं १० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर जाणार होतं. म्हणजे शुल्काची भिंत ओलांडायला युरोपात कारखाना असायलाच हवा, हे कारण हळूहळू संपत चाललेलं. ब्रेक्झिटने त्यात भर घातली असेल किंवा नसेल. कंपनी जे कारण जाहीर करते ते आणि संचालकांच्या खोलीतलं कारण एकच असेल असं मी धरून चालत नाही, पण आपल्याला हवं ते कारण तिच्या तोंडी घालायचं हेही बरोबर नाही.

---

जुनी_खाती

सगळे मोठ्या कंपन्यांबद्दल बोलताय म्हणून लिहिते. आमचं धातूच्या सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, दुसऱ्या-तिसऱ्या फळीतलं. आमचा माल ज्यात बसतो ती वस्तू कुठे विकली जाते हे आम्हाला धड माहीतही नसतं.

वरच्या गोष्टींमध्ये 'कंपनीने उत्पादन दुसऱ्या देशात हलवलं' हे एका वाक्यात होतं. आमच्याकडे ते असं येतं: एक दिवस ग्राहकाच्या खरेदी विभागाचा मेल येतो की पुढच्या वर्षीपासून तुमच्याकडे दुसऱ्या देशात पर्यायी जागा हवी, नाहीतर ऑर्डर निम्मी. कारण एका ओळीत, 'जोखीम कमी करण्याचं धोरण'. एका मोठ्या ग्राहकाने आम्हाला असं सांगितलं, आम्ही बँकेत जाऊन कर्जाचा विषय काढेपर्यंत त्या देशावरच नवीन शुल्काची बातमी आली आणि मेल मागे घेतला गेला. कर्ज घेतलं नाही हे नशीब. मधल्या काळात दोन जुने कारागीर मात्र 'इथलं काम जाणार' या धास्तीने सोडून गेले, ते परत आले नाहीत.

आकडेमोड म्हणतात की थांबण्याला खर्च नाही. मोठ्यांना नसेल.

---

आकडेमोड

जुनी_खाती, बरोबर पकडलंत. वाक्य मागे घेतो.

---

कोरा_कागद

या धाग्यात सरकार म्हणजे बिचारं बाहुलं आणि कंपन्या महाधूर्त असं चित्र होतंय. सरकारच्या हातात खरोखरच दुर्मीळ वस्तू असेल तर चित्र पालटतं.

इंडोनेशियाकडे निकेल आहे, जगातले सगळ्यात मोठे साठे. कच्चं खनिज बाहेर पाठवायचं नाही, इथेच वितळवा, अशी बंदी त्यांनी २०१४मध्ये घातली, २०१७मध्ये सैल केली आणि जानेवारी २०२०पासून पुन्हा पूर्ण लागू केली. चिनी कंपन्यांनी तिथे भट्ट्यांची रांग लावली, मोरोवालीला अख्खं औद्योगिक शहर उभं राहिलं. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०२२च्या अखेरीस निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध लागला. इंडोनेशियाने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९पासून बंद पडलंय, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ देत नाही. म्हणजे अपील दाखल, ऐकायला कुणी नाही, निकाल अधांतरी, बंदी चालू. याला म्हणतात सरकारची चाल.

---

तिरपी_रेघ

कोरा_कागद, उदाहरण उत्तम, पण गोष्ट तिथे संपत नाही. निकेल कशाला हवं होतं? पोलादाला, आणि बॅटऱ्यांना. बॅटरीवाल्यांनी काय केलं? निकेल नसलेली लोह-फॉस्फेटची बॅटरी उचलून धरली. ती जड, पण स्वस्त. टेस्लाने २०२१मध्ये आपल्या कमी पल्ल्याच्या गाड्या जगभर त्या बॅटरीवर नेत असल्याचं सांगितलं. निकेलची किंमत, पुरवठ्याची भीती, सुरक्षितता अशी बरीच कारणं त्यामागे असतील. पण एखाद्या वस्तूवर पकड घट्ट झाली की तिच्याशिवाय भागवायचं कसं याच्या संशोधनाला पैसा मिळतो, हेही खरं.

चिपांचं तर ताजं आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने चीनला जाणाऱ्या ताकदवान चिपांवर मर्यादा घातली. मर्यादेत एक निकष होता चिपांमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीचा वेग. एनव्हिडियाच्या ए१०० चिपचा तो वेग सेकंदाला ६०० जीबी. कंपनीने तो ४०० वर आणला, नाव ठेवलं ए८००, आणि विक्री चालू. जकातनोंद यांची गडद साखरच की ही! वर्षभराने सरकारने निकष बदलले. कंपनीने आणखी सौम्य एच२० आणली. एप्रिल २०२५मध्ये तिलाही परवाना लागेल असं फर्मान निघालं आणि कंपनीने साडेपाच अब्ज डॉलरपर्यंतचा फटका बसेल असं जाहीर केलं. मला यात रस वाटतो तो कंपनीच्या चतुराईत नाही. दर वेळी नियम लिहिणाऱ्याला आकड्यात रेष ओढावीच लागते, आणि रेष ओढली की तिच्या अलीकडे पाऊल कुठे ठेवायचं ते समोरच्याला कळतं.

---

उलटतपासणी

आणि रेष न ओढता नुसते पैसे दिले तर? अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य आठवा. २०१७मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन दिलं, राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. २०२१मध्ये करार नव्याने झाला: ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या. सवलती नोकऱ्यांशी बांधलेल्या होत्या म्हणून राज्याची मोठी रक्कम वाचली. पण गावाने जमिनी घेतल्या, रस्ते केले, पाण्याची सोय केली, तो खर्च आधीच झाला होता. नंतर त्यातली बरीच जमीन मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी घेतली म्हणून गाव सावरलं.

---

सावळागोंधळ

एक अडाणी प्रश्न. जकातनोंद, समजा एखाद्या वस्तूचे भाग पाच देशांतून आलेत, तर ती कुठल्या देशाची? वॉशिंग मशीनवाल्यांनी नुसती जुळणी थायलंडमध्ये केली तर ते यंत्र थायलंडचं कसं?

---

जकातनोंद

प्रश्न अजिबात अडाणी नाही, आमची निम्मी भांडणं याच्यावरच असतात. साधारण नियम असा की जिथे वस्तूचं रूप 'लक्षणीय' बदललं तो तिचा देश. लक्षणीय म्हणजे किती, ते प्रकरणागणिक. नुसते चार स्क्रू आवळले तर चालत नाही.

मुक्त व्यापार करारांत मात्र आकडे असतात. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या जुन्या करारात गाडीचा ६२.५ टक्के ऐवज या तीन देशांतला हवा होता. जुलै २०२०पासूनच्या नव्या करारात तो ७५ टक्के झाला. वर आणखी अट: गाडीतला ४० ते ४५ टक्के भाग तासाला सरासरी किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा. हेतू असा की काम महाग मजुरीच्या भागात राहावं. पण अट पाळली नाही तर तेव्हा शिक्षा काय होती? प्रवासी गाडीवर २.५ टक्के शुल्क. बस. मग कंपनी हिशेब करते: प्रत्येक पुरवठादाराकडून दाखले गोळा करा, मजुरीच्या नोंदी ठेवा, पुरवठासाखळी बदला, की २.५ टक्के भरून मोकळं व्हा? काही मालाच्या बाबतीत भरून मोकळं होणं स्वस्त पडायचं, आणि दाखल्यांच्या मागे कुणी लागायचं नाही.

२०२५मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावलं, पण करारात बसणाऱ्या गाड्यांमधल्या अमेरिकी ऐवजाला त्यातून वगळलं. इतर बऱ्याचशा मालावरच्या नव्या शुल्कातूनही करारात बसणारा माल सुटला. एका रात्रीत तेच दाखले सोन्याचे झाले. आम्हाला फोनवर फोन: अमक्या नट-बोल्टचं मूळ सिद्ध करून द्या, तमक्या वायरिंगचं द्या, उद्याच्या उद्या द्या. ज्या पुरवठादाराने पाच वर्षं कागद नीट ठेवले होते त्याला विचारणा यायला लागली, त्याच्यापेक्षा स्वस्त असलेला, पण कागद नसलेला मागे पडला.

जुनी_खाती, तुमच्याकडे कच्चा माल कुठून आला त्याचे दाखले असतील तर फेकू नका. जुने असले तरी.

---

जुनी_खाती

आहेत. सासऱ्यांनी सगळं बांधून ठेवलंय, आम्ही त्यांना हसायचो. एक विचारायचं होतं: मधे दोन वर्षांचे पुरवठादाराच्या सहीविना आहेत, ते चालतील का?

---

जकातनोंद

बहुधा नाही, पण पुरवठादार अजून धंद्यात असेल तर मागाहून लिहून घेता येतात का ते पाहता येईल. कुठला करार लागू होतो त्यावर आहे. खरडवहीत लिहा.